शंखजिऱ्याचं पीठ आणि ताईची मैत्रीण

३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत. आधी हुकूम.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं आहे. दोनदा वाच. एकदा दुकानात वाच आणि एकदा घरी माझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे मधल्या ओळी गाळता येणार नाहीत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू चारदा "बरं ताई" म्हणून विसरला असतास. लिहिलेलं विसरता येत नाही, म्हणून पत्र.

तुझ्या दुकानात तो डबा असतो ना, पिंपाएवढा, ज्यात तू ब्रश बुडवतोस आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर फटाफट मारतोस? ती पावडर म्हणजे शंखजिऱ्याचं पीठ. शंखजिरं म्हणजे दगड. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही, की आपण दगड दळून अंगाला लावतोय. जमिनीत या दगडाच्या शेजारीच अॅस्बेस्टॉस असतं आणि खणताना कधीकधी दोन्ही एकत्र येतात. बायकांना त्यातून पोटाचे आजार होतात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण श्वासातून आत जाऊ नये यावर सगळ्यांचं एकमत आहे. आणि तू चाळीस वर्षं त्या ढगात उभा आहेस.

मी न्हाणीघरातून बारा वस्तू बाहेर काढल्या. पावडर दोन, अंगाचा फवारा एक, चेहरा उजळायचं मलम एक (कुणी दिलं होतं देव जाणे, त्यांना माझा चेहरा अंधारा वाटला असावा), बाकी साबण आणि शँपू. प्रत्येकामागे बारीक अक्षरात "सुगंध" लिहिलंय. सुगंध कशाचा, ते नाही. अशी मोघम उत्तरं लिहिणाऱ्या मुलांना मी शून्य देत असे.

डबा आजच टाकून दे. उलट टपाली कळव.

मी मजेत. सध्या जरा कामात असते, ते नंतर कधीतरी.

अनेक आशीर्वाद,
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आणि डबा जागेवरच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तू पावडरीचा दगड केलास, पण तिचं काम तुला कळलेलं नाही. पावडर हा कटिंगचा पूर्णविराम आहे. मानेवर ब्रश फिरला की गिऱ्हाइकाला कळतं, झालं, आता उठायचं. तुझा मान ठेवून मी मंगळवारी एक दिवस पावडर बंद ठेवली. निवृत्त पोस्टमास्तर पहिले बसले. कापून झालं, कापड काढलं, आरसा मागे धरून दाखवला. ते आपले बसलेलेच! मी म्हटलं, "झालं साहेब." ते म्हणाले, "सावकाश होऊ दे, मला घाई नाही." वीस मिनिटं बसले. मागे तीन माणसं ताटकळत. शेवटी मी कोरडाच ब्रश मानेवर फिरवला तेव्हा ताडकन उठले.

मग तुझी भावजय म्हणाली, मक्याचं पीठ लावा, ते तरी खायचं असतं. लावलं. बँकेतल्या साहेबांना घाम फार येतो. त्यांच्या मानेवर त्याची खळ झाली. कॉलर चिकटली ती चिकटलीच. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात. कटिंगला नाही, तक्रारीला. म्हणाले, "माझ्या टेबलावर मुंग्या आल्यात आणि त्या फायलीकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात."

तेव्हा बुधवारपासून जुनाच डबा. माझी तब्येत ठणठणीत आहे. वजन ब्याण्णव. ज्याचं नाव बारक्या ठेवलंत त्याला आता अजून काय व्हायचंय?

तुझं कात्रण आरशावर चिकटवलंय. गिऱ्हाइकं वाचतात आणि म्हणतात, "बापरे! लाव थोडी अजून."

तुझा,
बारक्या

(वन्सं, पाकीट मी चिकटवते आहे म्हणून या दोन ओळी. ह्यांना खोकला आहे. दिवाणखान्यातून ऐकला तर वाटतं शेजारी कुणी ट्रंक ओढतंय. विचारलं की उत्तर ठरलेलं, "केस गेला घशात." सहा महिने एकच केस कसा जाईल? मी सांगितलं असं म्हणू नका.)


१९ फेब्रुवारी

बारक्या,

मला आतून वाटतंय की तुला खोकला आहे. कुणी सांगितलेलं नाही. बहिणीला कळतं.

खालील प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात लिही. खोकला कोरडा की ओला? रविवारी, दुकान बंद असताना, कमी होतो का? जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? थांबतोस तेव्हा खिशात काहीतरी शोधण्याचं नाटक करतोस का? (बाबा करायचे.) आणि डॉक्टरांकडे कधी जातोस? शेवटच्या प्रश्नाला "बघू" हे उत्तर ग्राह्य नाही.

माझ्याकडे आता सगळं नैसर्गिक. दात कोळशाने घासते. पहिल्या दिवशी तशीच हसत दारातल्या टपालवाल्याकडून पत्र घेतलं, तर तो दोन पायऱ्या मागे सरला. केस कसल्याशा बियांच्या पाण्याने धुते. केसांत मात्र जरा खाज सुटते, कानामागेही. हवा बदलली आहे, त्याचं असेल.

जाता जाता एक. माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं, तू या धंद्यातला म्हणून. केसांना काळा रंग लावला तर मुळाशी पांढरं किती दिवसांत दिसायला लागतं? आणि दर पंधरा दिवसांनी लावला तर चालतो का? तिचा डबा अगदी चांगला आहे. त्यावर हिरव्या पानाचं चित्र आहे आणि शंभर टक्के नैसर्गिक असं लिहिलंय. मला स्वतःला या गोष्टीत रस नाही.

आशीर्वाद,
ताई


२६ फेब्रुवारी

ताईस सादर नमस्कार,

तुझ्या पत्राप्रमाणे डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी छातीला नळी लावली, म्हणाले, "एकदम घोडा आहात." तेव्हा तो विषय मिटला. पूर्ण वाक्यात लिहिलं आहे.

आता तुझ्या मैत्रिणीविषयी. तिला नीट वाचून दाखव.

मुळं दहा-बारा दिवसांत दिसतात. दर पंधरा दिवसांनी लावणं हा वेडेपणा आहे. पानाच्या चित्रावर जाऊ नकोस, म्हणजे तिला जाऊ देऊ नकोस. नुसत्या पानाने केस लाल होतील, तपकिरी होतील. पंचवीस मिनिटांत कोळशासारखे काळे झाले तर आत औषध आहे, मग डब्यावर पान काढलेलं असो की अख्खं जंगल. डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायचं. हे मी तुला सांगतोय, म्हणजे बघ.

माझ्या दुकानात नवीन माणूस रंग लावायला आला की मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावतो आणि दोन दिवसांनी ये म्हणतो. माणसं चिडतात. "लग्न उद्या आहे!" म्हणतात. मी म्हणतो, मग पांढऱ्या केसांनी जेव. कारण चार वेळा काही होत नाही आणि पाचव्या वेळी होतं. सुरुवात कशाने होते माहीत आहे? केसांत खाज. मग कानामागे. मग पापण्या. आमच्या इथल्या शिंप्याचं तोंड एका दिवसात एवढं सुजलं की त्याच्या बायकोने दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

तुझ्या मैत्रिणीला खाज सुटत असेल तर तो डबा तिने आजच टाकावा. आज म्हणजे आज. आणि तिला विचार, हे सगळं कुणासाठी चाललंय?

बारक्या


६ मार्च

बारक्या,

अक्षर तिरकं येतंय, सांभाळून वाच. मी एका डोळ्याने लिहिते आहे. दुसरा कालपासून उघडतो, पण फटीएवढाच.

मैत्रीण म्हणजे मी, हे तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तरी लिहिते, कारण कबुली स्वतःच्या अक्षरात असावी.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी पाचव्यांदा रंग लावला होता. पत्र वाचलं तेव्हा एक पापणी जड झाली होती. मला वाटलं, तुझ्या लिहिण्यामुळे होतंय, मनाचे खेळ असतात. दुपारपर्यंत कपाळ पुढे आलं. संध्याकाळी ओठ सुजले आणि घशात कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने मला बघितलं, दुकान तसंच उघडं टाकलं आणि रिक्षात घालून इस्पितळात नेलं. बारक्या, तिथे दहा मिनिटं मला श्वास मोजून घ्यावा लागत होता. इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतं?" मी म्हटलं, "नैसर्गिक." त्यांनी कपाळाला हात लावला.

तुला कळवू नका म्हणून मीच सांगितलं होतं. रागावू नकोस. आता धोका नाही. घरी आले आहे.

कुणासाठी, ते सांगते. जानेवारीपासून मी एका बालवर्गात शिकवायला जाते. निवृत्तीनंतर तीन वर्षं घरात बसून मी भिंतींना प्रश्न विचारायला लागले होते. अर्जात वयाचा रकाना होता. एकसष्टमधल्या सहा आणि एकची बेरीज सात, तेवढे मी वजा केले आणि चौपन्न लिहिलं. गणित तसं बरोबर आहे. मुख्याध्यापिकाबाई मुलाखतीतच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे तरतरीत माणसं लागतात." त्यांचे स्वतःचे केस कुळकुळीत. सगळ्याच बायांचे. त्या काळ्या रांगेत माझं पांढरं डोकं कसं दिसलं असतं? आणि ती मुलं, बारक्या! काल-परवाची, मातीत खेळणारी, मांडीवर येऊन बसणारी. ती नोकरी गेली असती तर मला सोसलं नसतं.

तुला दगडाचं पीठ टाक म्हणून हुकूम सोडत होते, आणि स्वतः पानाचं चित्र बघून डबा उलटायला विसरले. आता शाळेत आजारपणाची चिठ्ठी पाठवली आहे. पुढे काय तोंड दाखवू कळत नाही. तोंड सध्या दाखवण्यासारखं नाहीच.

तुझी,
ताई


१४ मार्च

वन्संना नमस्कार. ह्यांनी लिहायला सांगितलं नाही, पण आता पाकिटात लपून लिहायचा कंटाळा आला, म्हणून स्वतंत्र पत्र.

तुमचं पत्र ह्यांनी दुकानात उभ्या उभ्या वाचलं. पोस्टमास्तर खुर्चीत अर्धे कापलेले. त्यांना तसंच ठेवून हे बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. पोस्टमास्तर मला सांगत आले, "वहिनी, तुमचा माणूस रडतोय आणि माझी एक बाजू राहिली आहे."

घरी आल्यावर मला म्हणाले, "ती मेली असती. आणि मी तिला शिंप्याची गंमत लिहीत बसलो." मग म्हणाले, "मी डॉक्टरकडे गेलोच नव्हतो." मी म्हटलं, माहीत आहे. घोडा म्हणणारा डॉक्टर आपल्या गावात कोण आहे?

दुसऱ्या दिवशी स्वतःहून गेले. मी बरोबर होते, पळवाट नको म्हणून. डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात फुंकायला सांगितलं. ह्यांनी छाती फुगवली आणि फुंकर मारली ती चहा गार करण्याएवढी. बाई म्हणाल्या, "जोरात." हे म्हणाले, "हीच जोरात." तेव्हा मला रडू आलं. मग छातीचा फोटो काढला. त्यात बारीक ठिपके दिसतात. बाईंनी विचारलं, "काम काय करता?" ह्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुकानातल्या आरशावर संध्याकाळी बोट फिरवलं तर काय दिसतं?" हे म्हणाले, "बोटाची रेघ." "तेच आत आहे," म्हणाल्या.

ठिपके साध्या धुळीचे की आणखी कशाचे, हे कळायला मोठ्या यंत्रातून तपासणी करायची आहे. अहवालाला आठ दिवस लागतील. हे वरून विनोद करतात, पण काल डबा स्वतःच्या हाताने मागच्या खड्ड्यात पुरला. वर एक वीटही ठेवली.

तुम्ही काळजी करू नका असं लिहिणार होते, पण मीच करते आहे.

तुमची वहिनी


२३ मार्च

ताई,

वाईट नाही. हे पहिलं वाक्य, कारण तू पत्र शेवटाकडून वाचतेस की सुरुवातीपासून ते मला अजून कळलेलं नाही.

कर्करोग नाही. चाळीस वर्षांची धूळ आहे. पावडर, बारीक केस, फवारे, सगळं मिळून. फुप्फुसाला थोडे वण पडलेत, ते जाणार नाहीत. पण धूळ थांबवली तर वाढणारही नाहीत, आणि खोकला कमी होईल. ओढायची दोन औषधं दिली आहेत. एकटी पावडरच गुन्हेगार असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. पण दुकानात ती परत आली तर माझ्याकडे येऊ नका, असं म्हणतात.

आता मी ओल्या टॉवेलने मान पुसतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेला. पहिले चार दिवस बोंब झाली. बँकेतले साहेब मात्र डोळे मिटून म्हणाले, "पुन्हा एकदा." आता त्यांना कटिंग नसलं तरी मान पुसून हवी असते.

ताई, मी खोटं लिहिलं. घोड्याबद्दल. तू खरं लिहिलंस म्हणून मलाही धीर आला, एवढंच म्हणतो. पुढचं मला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे.

शनिवारी आठ दिवसांसाठी येतोय. चाळीस वर्षांत दुकान एवढे दिवस बंद नव्हतं. कात्र्या घेऊन येतो. तो काळा रंग केसांत आहे तोवर तुझं डोकं शांत होणार नाही. कापून टाकू. रागावलीस तरी कापणार आहे.

बारक्या


५ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचा माणूस खुशाल आहे आणि तो परत यायला अजून तीन दिवस लागतील. त्याचं कारण सविस्तर लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी अडवून ठेवलाय.

तो आला त्या दिवशी माझे तीन जिने चढताना दोनदा थांबला. खिशात काही शोधलं नाही, सरळ म्हणाला, "ताई, दम लागला." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! काल एकदाच थांबला, आणि तेही औषधवाल्याशी बोलायला.

आल्या दिवशीच त्याने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. लहानपणी मी त्याचे केस कापायची, वाटी उपडी ठेवून. त्याचं उट्टं काढलं. काळं सगळं गेलं. खाली नखाएवढं शुभ्र राहिलं. आरसा धरून म्हणाला, "कशी दिसतेस माहीत आहे? एकसष्ट." आणि आम्ही दोघं हसलो. तो एवढा हसला तरी नेहमीसारखी उबळ आली नाही. एक छोटी आली, ती मी मोजत नाही.

सोमवारी शाळेत गेले. ठरवलं होतं, खरं सांगायचं आणि राजीनामा द्यायचा. चिठ्ठी लिहून पर्समध्येच ठेवली होती. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत उभी राहिले आणि एका दमात बोलले, वय, रंग, इस्पितळ, भावाने येऊन कापलेले केस, सगळं. त्या माझ्या डोक्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वय मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे, बाई. तुम्हीच जोडला होतात." विज्ञानाची शिक्षिका मी!

मी राजीनामा काढणार, तेवढ्यात त्या उठल्या. दार लावून घेतलं. हळूच कानामागचे केस बाजूला केले आणि म्हणाल्या, "इथे बघा हो. महिनाभर खाज सुटते. हे तसंच असेल का?" लाल चट्टा होता, रुपयाएवढा. मी म्हटलं, "आजपासून रंग बंद, आणि आधी डॉक्टर." त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाते. पण तुमचे भाऊ अजून आहेत ना गावात?"

त्या आल्या शुक्रवारी. बरोबर गाण्याच्या बाई. शनिवारी दुपारी कार्यालयातल्या बाई आणि मोठ्या गटाच्या दोघी शिक्षिका. माझ्या स्वयंपाकघरात रांग, जिन्यात बाक. तुमच्या माणसाने सगळ्यांचं काळं मुळापर्यंत कापलं, खालचे पांढरे खुंट तेवढे ठेवले, गरम टॉवेलने माना पुसल्या आणि प्रत्येकीला डबे उलटे कसे वाचायचे यावर भाषण दिलं. तेही माझ्याच आवाजात. स्वयंपाक दोन दिवस त्या औषधवाल्याकडून आला, कारण माझ्या ओट्यावर केस होते. अजून चौघींनी नावं दिली आहेत, त्यात एक मुलांची आई आहे. म्हणून तीन दिवस.

आज सकाळी प्रार्थनेला आम्ही सहाजणी ओळीने उभ्या राहिलो, सहा पांढरी डोकी. मुलं प्रार्थना विसरली. मग छोट्या गटातली ती, जी नेहमी माझ्या मांडीवर बसते, पुढे आली, तिने आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही सगळ्या एकदम आज्या कधी झालात?"

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "शनिवारी. दुपारी तीनच्या सुमारास."

तुमची,
ताई